थीम पार्कची एकट्याने परदेशवारी : नशिराबादहून निघण्यापूर्वी करावयाचा हिशेब

खानदेशात यात्रांचा हंगाम आला की आकाशपाळण्यांचे लोखंडी सांगाडे उभे राहू लागतात. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात भरणारी संत सखाराम महाराजांची यात्रा असो, की घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेली सारंगखेड्याची यात्रा असो, तेथील व्यवहार सरळ असतो. पाळण्यात बसायचे तर पाळण्याचे पैसे, मौत का कुआँ पाहायचा तर त्याचे निराळे. खिशात जेवढे पैसे, तेवढीच मौज. परदेशातील थीम पार्कचा हिशेब याच्या नेमका उलट असतो. तेथे प्रवेशद्वारापाशी एकदाच मोठी रक्कम भरावी लागते आणि मग दिवसभरात जेवढ्या राइड साधतील तेवढ्या आपल्या. साहजिकच पैशांइतकेच, किंबहुना पैशांहून अधिक, महत्त्व वेळेला येते.

गंमत म्हणजे या उद्यानांचा आरंभही यात्रेसारखाच झाला होता. १७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतील अनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले तेव्हा प्रवेशशुल्क निराळे आणि प्रत्येक राइडचे तिकीट निराळे होते. राइडच्या कूपनांची ही पद्धत १९८२ पर्यंत टिकली. त्यानंतर एकाच तिकिटात सर्व राइड ही रीत रुळली. आता मात्र रांग टाळण्यासाठी वेगळे शुल्क घेण्याची प्रथा जगभर पसरल्याने जुना सुटा हिशेब मागच्या दाराने परत आला आहे. परदेशवारीचे अंदाजपत्रक आखणाऱ्याने ही गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी.

मराठी पर्यटकाला परदेशाची वाट दाखवली ती प्रामुख्याने सहल कंपन्यांनी. १९८४ मध्ये स्थापन झालेली केसरी, २०१३ मध्ये सुरू झालेली वीणा वर्ल्ड यांसारख्या संस्थांमुळे तालुक्याच्या गावांतील कुटुंबेही सिंगापूर, दुबई पाहून आली. समूहसहलीत व्हिसापासून जेवणापर्यंतची चिंता दुसरे कोणी वाहते. त्या बदल्यात उद्यानात किती तास घालवायचे, हेही दुसरेच कोणी ठरवते. ज्याला मुख्यत्वे उद्यानच पाहायचे आहे आणि ज्याच्या आवडीला घरात साथीदार नाही, अशा माणसाला एकट्याने जाणे हाच पर्याय उरतो. तो आज अवघड राहिलेला नाही. मात्र समूहसहलीत जी रक्कम एकाच आकड्यात समोर येते, ती येथे दहा ठिकाणी विखुरलेली असते आणि ती स्वतः गोळा करावी लागते.

कोणते उद्यान निवडावे?

पहिल्या एकट्या प्रवासासाठी उद्यान निवडताना तीन प्रश्न विचारावेत. मुंबईहून थेट विमान आहे का, व्हिसा किती सुलभ आहे आणि उद्यानापर्यंत सार्वजनिक वाहनाने पोहोचता येते का?

सिंगापूर या तिन्ही कसोट्यांवर उतरते. तेथील युनिव्हर्सल स्टुडिओज हे उद्यान मार्च २०१० मध्ये सेंटोसा बेटावर प्रथम खुले झाले. मुंबईहून थेट विमानाने साधारण साडेपाच तासांचा प्रवास असून घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असते. मेट्रोच्या हार्बरफ्रंट स्थानकावर उतरून लगतच्या व्हिवोसिटी संकुलातून सेंटोसा एक्स्प्रेस ही छोटी रेल्वे पकडता येते. पायी जाणाऱ्यांसाठी समुद्रावरून बांधलेला मार्गही आहे.

आखातात अबुधाबीच्या यास बेटावर फेरारी वर्ल्ड (२०१०), यास वॉटरवर्ल्ड (२०१३), वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड (२०१८) आणि सीवर्ल्ड (२०२३) अशी चार उद्याने शेजारी शेजारी आहेत. वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आणि दुबईचे आयएमजी वर्ल्ड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर ही उद्याने छताखाली व वातानुकूलित आहेत. त्यामुळे मे महिन्याच्या सुटीतच जाणे भाग असणाऱ्यांना ती सोयीची पडतात. फेरारी वर्ल्डमधील ताशी २४० किलोमीटर वेगाची फॉर्म्युला रोसा ही राइड मात्र छताबाहेर धावते.

हाँगकाँगचे डिस्नेलँड १२ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झाले. सनी बे स्थानकाहून उद्यानापर्यंत स्वतंत्र रेल्वे आहे. भारतीय नागरिकांना तेथे १४ दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी आगमनपूर्व नोंदणी इंटरनेटवरून करावी लागते. ही पद्धत जानेवारी २०१७ पासून लागू आहे.

जपान महाग असते हा समज उद्यानांच्या तिकिटांपुरता तरी खरा नाही. टोकियो डिस्नेलँड (१९८३) आणि डिस्नेसी (२००१) यांच्या एका दिवसाच्या प्रौढ तिकिटाचा दर ऑक्टोबर २०२३ पासून दिवसाच्या गर्दीनुसार ७,९०० ते १०,९०० येन असा ठेवण्यात आला. रुपयांत हा आकडा सिंगापूरच्या तिकिटाच्या आसपासच येतो. खर्च वाढतो तो विमानभाड्यामुळे आणि निवासामुळे. अमेरिकेच्या बाबतीत व्हिसाचे परत न मिळणारे शुल्कच जून २०२३ पासून १८५ डॉलर झाले. मुलाखतीची प्रतीक्षा आणि लांबचा प्रवास विचारात घेता पहिल्या एकट्या सहलीसाठी ते ठिकाण नसावे, हे बरे.

हिशेबाचा एक नमुना

नशिराबादहून निघून सिंगापुरात चार रात्री व पाच दिवस राहून परतणाऱ्या एका व्यक्तीचे अंदाजपत्रक पुढे दिले आहे. यातील विमानभाडे, निवास, भोजन आदी आकडे हिशेबासाठी गृहीत धरलेले आहेत. तारखेनुसार ते वर-खाली होतील. २०२५ या वर्षात एका सिंगापूर डॉलरचा भाव साधारण ६३ ते ७० रुपयांच्या दरम्यान फिरला. येथे सावधगिरीने ७० रुपये धरला आहे.

• व्हिसा शुल्क ३० सिंगापूर डॉलर व एजंटाचे सेवाशुल्क : रु. ३,०००
• नशिराबाद ते मुंबई विमानतळ, जाऊन-येऊन : रु. ३,०००
• मुंबई-सिंगापूर विमान, जाऊन-येऊन : रु. २८,०००
• प्रवास विमा : रु. १,०००
• हॉस्टेलमधील एक खाट, ४ रात्री, रोज ४५ डॉलर : रु. १२,६००
• भोजन, ५ दिवस, रोज ३० डॉलर : रु. १०,५००
• मेट्रो, बस व सेंटोसा रेल्वे, एकूण ४० डॉलर : रु. २,८००
• युनिव्हर्सलचे एका दिवसाचे तिकीट, ९० डॉलर धरून : रु. ६,३००
• अन्य प्रेक्षणीय स्थळे, ६० डॉलर : रु. ४,२००
• दूरध्वनी व इंटरनेट : रु. १,५००

ही बेरीज ७२,९०० रुपये होते. तिच्यावर सुमारे १५ टक्के म्हणजे ११,००० रुपये अडीअडचणीसाठी राखून ठेवले की एकूण रक्कम ८३,९०० रुपयांवर जाते. पासपोर्ट नसल्यास ३६ पानी पासपोर्टचे १,५०० रुपये वेगळे. तथापि तो दहा वर्षे चालत असल्याने त्याचा सर्व भार एकाच सहलीवर टाकणे योग्य नव्हे.

या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या उद्यानासाठी हा सारा खटाटोप, त्याचे तिकीट एकूण खर्चाच्या जेमतेम साडेसात टक्के आहे. उरलेला पैसा उद्यानाच्या दारापर्यंत पोहोचण्यात आणि तेथे राहण्यात जातो. म्हणून तिकिटात पाचशे रुपये वाचवण्यासाठी गर्दीचा दिवस पत्करणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. उलटपक्षी, उद्यान खरोखर मनापासून पाहायचे असेल तर मुक्काम एका दिवसाने वाढवून दुसऱ्या दिवसाचे तिकीट काढणे तुलनेने स्वस्त पडते. वरील दरांनी तिकीट, खाट आणि भोजन मिळून तो वाढीव दिवस ११,५५० रुपयांत होतो. हाच दिवस पाहण्यासाठी पुन्हा कधी यायचे ठरवले, तर विमानाचे २८,००० रुपये पुन्हा मोजावे लागतील.

एकटेपणाची किंमत आणि लाभ

एकट्या प्रवाशाला सर्वांत जास्त झळ लागते ती खोलीची. हॉटेलची खोली दोघांसाठी असते आणि भाडे खोलीचे असते. समजा रोज १३० डॉलरची खोली घेतली, तर चार रात्रींचे ३६,४०० रुपये होतात. दोघे असते तर प्रत्येकाला १८,२०० रुपये आले असते. हॉस्टेलमधील खाटेच्या तुलनेत एकट्याची खोली २३,८०० रुपयांनी महाग पडते. हॉस्टेलमध्ये स्त्रियांसाठी राखीव दालने, सामान ठेवण्यास कुलूपबंद कपाटे अशी सोय असते. आरक्षणापूर्वी तिची खातरजमा करावी. टॅक्सीचेही तसेच. चौघांत वाटले जाणारे भाडे एकट्यावर पडते, म्हणून निवास मेट्रो स्थानकापासून पायी अंतरावर असणे हीच खरी बचत होय.

याची भरपाई उद्यानात होते. राइडच्या डब्यात दोन-दोन किंवा चार-चार आसनांच्या रांगा असतात. तिघांचे कुटुंब चौघांच्या रांगेत बसले की एक आसन रिकामे राहते. ते भरून काढण्यासाठी अनेक उद्यानांत एकट्याने बसणाऱ्यांची निराळी रांग असते. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये निवडक राइडना ही सोय आहे. मुख्य रांगेतील माणूस ताटकळत असताना एकटा प्रवासी बहुधा लवकर आत जातो आणि त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. रांग टाळण्याचा महागडा पास घेण्याआधी आपल्या आवडीच्या राइडना ही रांग आहे का, हे पाहावे. मात्र ती सर्व राइडना नसते, गर्दीनुसार बंदही केली जाते आणि आसन निवडता येत नाही.

एकट्याची खरी अडचण निराळीच असते. पिशवी धरून उभे राहणारे कोणी सोबत नसते. वेगवान राइडवर सामान नेऊ देत नाहीत आणि कपाटांना ठरावीक वेळेनंतर भाडे लागू शकते. पासपोर्ट निवासाच्या कपाटात, पैसे व दूरध्वनी चेनच्या खिशात आणि हातात पाण्याची बाटली, एवढ्यावर दिवस काढण्याची तयारी ठेवावी.

तारीख हाच मोठा निर्णय

खानदेशात सहलीचा महिना म्हणजे मे, कारण शाळांना सुटी असते. तथापि एकट्या प्रौढ प्रवाशाला शाळेच्या वेळापत्रकाचे बंधन नसेल, तर ही मोकळीक त्याने जरूर वापरावी. सिंगापुरातील शाळांना जून महिन्यात आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरअखेर मोठ्या सुट्या असतात. चिनी नववर्षाच्या सुमारासही गर्दी उसळते. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातील सलग सुट्या आणि ऑगस्टच्या मध्यातील ओबोनचे दिवस टाळावेत. सर्वत्र लागू पडणारा नियम एकच. शनिवार-रविवारऐवजी मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडावा, उद्यान उघडण्यापूर्वी अर्धा तास दारात असावे आणि सर्वाधिक गर्दीच्या राइड पहिल्या दोन तासांत उरकाव्यात.

हवामानाचाही विचार हवा. जळगावच्या उन्हाळ्याला सरावलेल्या माणसाला सिंगापूरचे तापमान किरकोळ वाटेल, पण विषुववृत्तालगतची दमट हवा कोरड्या उन्हाहून निराळ्या तऱ्हेने थकवते. तेथे वर्षभर पाऊस असतो. विजा चमकू लागल्या की उघड्यावरील राइड थांबवल्या जातात. अशा वेळी छताखालील राइड व नाट्यप्रयोग पाहून घ्यावेत.

कागदपत्रांचा क्रम चुकू नये

एकट्या प्रवाशाचे सर्वाधिक नुकसान क्रम चुकल्याने होते. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, त्यानंतरच परतावा न मिळणारी तिकिटे हा क्रम सोडू नये. टपाल कार्यालयांतून पासपोर्ट सेवा केंद्रे उघडण्याची योजना जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून जिल्ह्याच्या ठिकाणच्या अर्जदारांची पायपीट कमी झाली आहे. अर्ज भरताना सोयीचे केंद्र निवडावे. पोलीस पडताळणी राहत्या पत्त्याच्या ठाण्यामार्फत, म्हणजे नशिराबादकरांच्या बाबतीत नशिराबाद पोलीस ठाण्यामार्फत होते. आधार, मतदार ओळखपत्र आणि शाळेचा दाखला यांवरील नावांत एखाद्या अक्षराचा फरक असेल तर तो अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्यावा. पासपोर्ट आधीपासून असेल तर प्रवासाच्या वेळी त्याची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक आहे ना, हे पाहावे.

सिंगापूरच्या व्हिसाचा अर्ज अधिकृत एजंटामार्फत करावा लागतो. बँकेचे खातेउतारे, नोकरी वा व्यवसायाचा पुरावा आणि प्रवासाचा आराखडा तयार ठेवावा. एकट्या प्रवाशाला हेतूविषयी प्रश्न विचारले जाण्याचा संभव अधिक असतो. उद्यानाचे तिकीट, निवासाचे आरक्षण आणि परतीचे विमान हेच त्याचे उत्तर होय. सिंगापुरात उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत आगमन अर्ज इंटरनेटवर भरावा लागतो. तो सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या बनावट संकेतस्थळांपासून सावध राहावे.

नशिराबादहून जळगाव सुमारे दहा किलोमीटर आणि तेथून रेल्वेने मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. गाडीला उशीर होऊ शकतो, हे गृहीत धरूनच विमानाची वेळ निवडावी. विमान रात्रीचे असल्यास आदल्या रात्रीची गाडी पकडून सकाळीच मुंबई गाठणे श्रेयस्कर. पाचशे रुपयांची एखादी खाट मुंबईत घेणे परवडते, चुकलेले विमान परवडत नाही.

पैसे कसे न्यावेत?

सगळी रक्कम एकाच रूपात नेऊ नये. थोडी रोख, एक फॉरेक्स कार्ड आणि एक क्रेडिट कार्ड अशी विभागणी करून ती दोन जागी ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू असतात. परदेशातील वापर निघण्यापूर्वी बँकेत वा मोबाइलवरून चालू करून घ्यावा. क्रेडिट कार्डावर परकीय चलनातील खर्चासाठी बँका साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लावतात आणि त्यावर जीएसटी वेगळा असतो. दुकानातील यंत्राने 'रुपयांत की स्थानिक चलनात' असे विचारले तर स्थानिक चलन निवडावे. रुपयांचा पर्याय सोयीचा दिसतो, पण त्यातील विनिमय दर बहुधा महाग असतो.

सहल कंपनीकडून संपूर्ण पॅकेज घेतल्यास ऑक्टोबर २०२० पासून त्यावर टीसीएस नावाची कररक्कम आगाऊ घेतली जाते. तिचा दर अर्थसंकल्पांतून बदलत आला आहे. ती प्राप्तिकर विवरणपत्रात वळती करून घेता येते, मात्र तोपर्यंत पैसा अडकतो. म्हणून पॅकेजची किंमत विचारताना टीसीएससह आकडा मागावा.

बचत सुरक्षित जागी हवी

वरील ८३,९०० रुपये उभे करण्याचा सोपा मार्ग म्हणजे बँकेची आवर्ती ठेव. दरमहा सात हजार रुपये बाजूला टाकले की बारा महिन्यांत ८४,००० रुपये मुद्दल जमते. वर्षभर हा हप्ता ओढाताणीविना भरता आला, तर ही सहल परवडणारी आहे. तो भरता आला नाही, तर कर्ज काढून केलेल्या सहलीचा हप्ताही भरता येणार नाही, हे उघड आहे. भिशीत वा जादा व्याजाच्या आमिषाने पतसंस्थेत हा पैसा गुंतवू नये. ठेवी अडकल्याने घरातील लग्ने, आजारपणे कशी खोळंबतात, हे जळगाव जिल्ह्याने पुरेपूर अनुभवले आहे. बँकांतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. पतसंस्थांना हे संरक्षण लागू नाही.

सुरक्षितता आणि शिस्त

एकट्याने जाणाऱ्याने घरी एक कागद ठेवून जावा. त्यावर विमानाचे क्रमांक, निवासाचा पत्ता, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि रोज कोणत्या वेळी दूरध्वनी करणार, एवढे लिहिलेले असावे. पासपोर्टच्या छायाप्रती घरी व स्वतःच्या ईमेलमध्ये असाव्यात. सिंगापुरात पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९५ हे क्रमांक आहेत. परदेशात अडचणीत सापडलेल्या भारतीयांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर २०१५ पासून तक्रार नोंदवता येते.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, पाठीचे दुखणे किंवा गर्भारपण असल्यास वेगवान राइडवर बसू नये. सोबत कोणी नसताना भोवळ येणे ही गंभीर बाब ठरते. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. तंबाखू, गुटखा, च्युइंगगम आणि ई-सिगारेट यांपैकी काहीही सिंगापूरला जाताना सामानात नसावे. तेथे हे कायद्याने निषिद्ध असून दंड जबर आहे.

शाकाहारी प्रवाशाची सिंगापुरात उपासमार होत नाही. लिटिल इंडिया भागातील सेरंगून रस्त्यावर १९४७ पासून चालत आलेले कोमल विलास आणि त्यासारखी अनेक उपाहारगृहे आहेत. उद्यानाच्या आत मात्र भोजन महाग असते. सकाळी पोटभर न्याहारी करून निघणे आणि रात्रीचे जेवण बाहेर घेणे हा उपाय चांगला.

आधी तालीम

महाराष्ट्राला थीम पार्क नवे नाहीत. मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डने दोन पिढ्यांना रोलर कोस्टरची ओळख करून दिली. ते २०२२ मध्ये बंद झाले. २०१३ मध्ये खोपोलीजवळ सुरू झालेले इमॅजिका मुंबई-पुणे मार्गालगत आहे. परदेशाचे तिकीट काढण्यापूर्वी तेथे एक दिवस एकट्याने घालवून पाहावा. उंचावरून कोसळण्याचा वेग आपल्याला सोसतो का, दिवसभर रांगेत एकटे उभे राहण्याचा कंटाळा येतो का आणि जेवणाच्या टेबलावर समोर कोणी नसणे खटकते का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तेथे मिळतील.

उत्तरे नकारार्थी आली तर ऐंशी हजार रुपये वाचले, असे समजावे. होकारार्थी आली तर दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन सात हजारांची आवर्ती ठेव उघडावी आणि पासपोर्टचा अर्ज भरावा. 'एकट्यानेच कशाला?' हा प्रश्न गावात विचारला जाईलच. वर्षभर हप्ता चुकला नाही, कागदपत्रे वेळेत झाली आणि परतल्यावर कोणाचे देणे राहिले नाही, तर त्या प्रश्नाला वेगळे उत्तर देण्याची गरज उरत नाही.